जुन्या किटसन-पेट्रोमॅक्स बत्त्या: पेटंटचे शिक्के वाचायचे कसे आणि बत्ती पेटती करायची कशी

काचदिवा
एक पितळी पंपाची बत्ती हाताशी आहे. टाकीवर ‘डी.आर.जी.एम.’ आणि त्याखाली ‘डी.आर.पी. आंगेमेल्डेट’ असं कोरलंय, बाजूला ‘मेड इन जर्मनी’. साल कुठेच नाही. पंप मारला की दांडा आपोआप वर येतो आणि त्याच्या टोपीतून घासलेट झिरपतं. तीन प्रश्न आहेत. या खुणांवरून काळ कसा ठरवायचा? मूळ पेटंट वाचायला मिळतं का? आणि पेटवण्याआधी काय काय उघडून बघायचं?

वर्णनपत्र
आधी खुणांबद्दल लिहितो, दुरुस्तीचं जाणकार सांगतीलच.

डी.आर.पी. म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट. १८७७ च्या कायद्याचं, मुदत १५ वर्षं, ती १९२३ मध्ये १८ झाली. ‘आंगेमेल्डेट’ म्हणजे नुसता अर्ज केलाय, पेटंट मिळालेलं नाही. डी.आर.जी.एम. हे तर पेटंटच नव्हे. १८९१ च्या कायद्याने छोट्या सुधारणांची नोंद करून मिळे, नावीन्याची तपासणी होत नसे, मुदत ३ वर्षं आणि पुढे आणखी ३. जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘जर्मन पेटंट असलेली बत्ती’ म्हणून जे सांगतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं. या नोंदणीचं छापील वर्णनपत्र (शोधाचं वर्णन, आकृत्या आणि दावे असलेला कागद) निघत नसे, त्यामुळे त्याच्या मागे लागून हाती काही येणार नाही.

काळाचा अंदाज असा: डी.आर.जी.एम. आणि डी.आर.पी. ही अक्षरं दुसऱ्या महायुद्धापर्यंतची. १९४९ नंतर त्यांच्या जागी डी.बी.जी.एम. आणि डी.बी.पी. आली. म्हणजे तुमची बत्ती युद्धाआधीच्या घडणीची, किंवा निदान जुन्या साच्यातली. ‘मेड इन जर्मनी’वरून काळ ठरत नाही. ब्रिटनच्या १८८७ च्या आणि हिंदुस्थानच्या १८८९ च्या मालखुणांच्या कायद्यांनंतर ती अक्षरं सगळ्याच जर्मन मालावर दिसतात.

यंत्रवाचक
+१. एक भर घालतो. खूण कुठल्याही देशाची असो, पेटंटची तारीख ही फक्त खालची मर्यादा असते. वस्तू त्याच्या आधीची नाही एवढंच ती सांगते. साचा एकदा तयार झाला की तोच शिक्का पुढे वीस-वीस वर्षं उमटत राही. चार-पाच तारखा असतील तर सगळ्यात उशिराची धरायची.

अमेरिकन माल ओळखायला सोपा. तिथे पेटंट मंगळवारीच निघतात, त्यामुळे शिक्क्यातली तारीख पुसट असेल तर कॅलेंडर लावून मंगळवार येतो का बघा. ३ आणि ८ मधला घोळ असाच सुटतो. १९२७ पर्यंत नुसती तारीख ठोकलेली चाले, त्यानंतर निघालेल्या पेटंटांना क्रमांक सक्तीचा झाला. क्रमांकावरून साल: १९०० ची सुरुवात ६,४०,१६७ पासून, १९१० ची ९,४५,०१० पासून, १९२० ची १३,२६,८९९ पासून, १९३० ची १७,४२,१८१ पासून. मुदत तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षं असे.

ब्रिटिश क्रमांकांत लोक हमखास फसतात. १९१५ पर्यंत दरवर्षी १ पासून नव्याने मोजणी होई, म्हणून सालाशिवाय क्रमांक निरुपयोगी. १९१६ पासून १,००,००१ पासून सलग क्रमांक सुरू झाले. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या मोफत शोधयंत्रात जुनं ब्रिटिश पेटंट काढताना ‘जीबी’, मग चार अंकी साल, मग पाच अंकी क्रमांक आणि शेवटी ‘ए’ असं सलग टाकायचं. क्रमांक लहान असेल तर पुढे शून्यं भरायची. नमुन्यादाखल, १९०३ सालचा ७४२ क्रमांक असेल तर साल आणि क्रमांक मिळून १९०३००७४२. शून्यं विसरली की ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस उगाच नाद सोडतो.

मुक्तछंदा
पण ते वर्णनपत्र मिळालं तरी वाचायचं काय? दहा पानं, आठ आकृत्या, वकिली भाषा.

वर्णनपत्र
शेवटून वाचा. शेवटी दावे असतात, म्हणजे नेमकं काय नवं आहे ते सांगणारी वाक्यं, आणि खरं पेटंट म्हणजे तेवढेच. आकृतीत अख्खी बत्ती काढलेली असली तरी नवं असतं ते एखादं नळीचं वळण किंवा एखादी झडप. बाकी सगळं आधीचंच, समजावं म्हणून काढलेलं.

उत्तम उदाहरण जिलेटच्या दाढीच्या यंत्राचं. अर्ज ३ डिसेंबर १९०१, मंजुरी १५ नोव्हेंबर १९०४, क्रमांक ७,७५,१३४ (त्याच दिवशी ७,७५,१३५ ही). सुरक्षित वस्तरे त्याआधीही होते. दावा कशावर आहे बघा: पातं इतकं पातळ आणि लवचिक की धारेला ताठपणा येण्यासाठी बाहेरून आधार द्यावाच लागतो. एवढ्या एका वाक्यात सगळा शोध आहे. दांडी, दाते, स्क्रू हे त्या आधाराचे तपशील. हे कळलं की अशा जुन्या यंत्रात पातं एका बाजूला जास्त का बाहेर येतं हेही कळतं: पात्याला वाकवून धरणारी वरची टोपी कुठेतरी पिचलेली असते. पातं बदलून काही होत नाही.

दावे वाचून झाले की आकृतीतली अक्षरं वर्णनाशी जुळवायची. दाव्यात जो भाग आलाय तोच त्या यंत्राचा नाजूक भाग असतो आणि बिघाडही बहुधा तिथेच निघतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने पेटंट वाचावं, नुसतं संग्राहकानं नव्हे.

रॉकेलची वात
बत्तीच्या बाबतीत हे तंतोतंत लागू आहे, म्हणून वंशावळ थोडक्यात.

पहिला पाया ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखच्या मेंटलचा (ज्योतीत तापून उजळणारी जाळीदार पिशवी). पहिलं पेटंट १८८५ चं. तो उजेड हिरवट होता आणि मेंटल फार ठिसूळ. १८९१ मध्ये ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि १ भाग सेरियम ऑक्साइड हे प्रमाण बसलं आणि तेच टिकलं. सेरियम वाढवलं की उजेड वाढत नाही, उलट पडतो.

दुसरा पाया स्टोव्हचा. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये झाळकामाच्या दिव्याचा बर्नर आडवा न ठेवता वर वळवला, आणि पेटंट त्या बर्नरचंच घेतलं. दाबाची टाकी आणि हवेचा पंप झाळदिव्यात आधीपासून होतेच. त्यातून प्रायमस आला.

तिसरा माणूस आर्थर किटसन (१८५९–१९३७). दाबाखालचं घासलेट तापल्या नळीत वाफ करून त्याने मेंटल पेटवलं. १९०१ पासून हा बर्नर दीपगृहांत गेला आणि आधीच्या वातीच्या दिव्यांपेक्षा सहापटीहून जास्त प्रखर ठरला. १९२१ मध्ये ब्रिटनची दीपगृहं सांभाळणाऱ्या ट्रिनिटी हाउस संस्थेच्या डेव्हिड हूडने त्यात सुधारणा केली. हिंदुस्थानच्या दीपगृहांतही असे वाफेचे बर्नर पुढे कित्येक वर्षं होते.

मराठीत ‘किटसन बत्ती’ हा शब्द नाटकाच्या तंबूत, तमाशाच्या फडात, लग्नाच्या वरातीत इतका रुळला की पंपाच्या कुठल्याही बत्तीला किटसन म्हणू लागले. वास्तविक मूळ किटसनच्या रचनेत टाकी खाली वेगळी, तिथून बारीक नळी खांबावर चढते आणि बर्नर वर. हातात धरून नेण्याची, टाकी बुडाशी असलेली बत्ती म्हणजे बर्लिनच्या एरिश आणि ग्रेट्झ कारखान्याची पेट्रोमॅक्स आणि तिच्या नकला. काचदिवा, तुमची त्या घराण्यातली दिसते.

कऱ्हाडची काच
आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील यात गणू नये. तो वातीचा. त्याच्या दोन बाजूंच्या नळ्या हवेसाठी असतात, त्यांत तेल जात नाही. ती रचना अमेरिकेतल्या जॉन अर्विनची, १८७० च्या आगेमागे पेटंट झालेली. कंदिलाला पंप नाही, मेंटल नाही. दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकतात म्हणून लिहिलं.

मुक्तछंदा
थोरियम म्हणजे किरणोत्सारी ना? ते यायचं कुठून?

रॉकेलची वात
मोनाझाइट वाळूतून. सुरुवातीला ब्राझील आणि अमेरिकेतलं कॅरोलिना. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं आणि मनवळकुरिचीचा किनारा एकदम मोलाचा झाला. युरोपातल्या रस्त्यांवर जळणाऱ्या मेंटलांत आपल्या किनाऱ्याची वाळू होती, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं.

किरणोत्साराबद्दल: पेटत्या बत्तीजवळ बसण्यात मोठी काळजी नाही, जळक्या मेंटलची पूड श्वासात जाऊ देऊ नये. मेंटल काढताना फुंकर मारायची नाही. ओल्या कागदात गोळा करायचं, टाकीचा माथा ओल्या फडक्याने पुसायचा, हात धुवायचे. पहिल्यांदा मेंटल जाळायचं तेही उघड्यावर. हल्ली इट्रियमची मेंटलं मिळतात, उजेड किंचित कमी पण हा प्रश्न नाही.

पितळकाम
आता काचदिवा यांचा तिसरा प्रश्न. क्रमाने करा, उड्या मारू नका.

पहिलं काम टाकी. रिकामी करून आतलं घासलेट पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओता. तळाशी गंजाचा गाळ किंवा पाण्याचा थेंब दिसला तर दोन-तीनदा थोडं स्वच्छ घासलेट घालून खळबळून काढा. पाणी घासलेटपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि बत्ती तेल खेचते ती तळापासूनच. बत्ती तडतडते, मधेच मंद होते, त्याचं निम्म्या वेळा हेच कारण.

दाबाची चाचणी पाण्याने करायची. टाकी काठोकाठ पाण्याने भरा, अगदी थोडी हवा राहू द्या, मग पंप मारा. काही फुटलंच तर नुसतं पाणी सांडेल, दाबलेल्या हवेसारखा धमाका होणार नाही. पंपाच्या डाखाभोवती, बुडाच्या कडेवर आणि दाबमापकाच्या बैठकीत थेंब दिसतो का बघा. डाख द्यायचा असेल तर घासलेटची टाकी तशीच आगीजवळ न्यायची नाही. गरम पाणी आणि साबणाने धुऊन, पाण्याने भरलेल्या अवस्थेत, उघडा भाग तेवढा वर ठेवून डाख द्यायचा.

आता तुमचा मुख्य दोष. दांडा आपोआप वर येतो आणि घासलेट पंपात शिरतं म्हणजे पंपाच्या तळाची उलटझडप धरत नाही. आत एक छोटी गोटी, तिच्या तोंडाला बुचाचा किंवा रबराचा तुकडा, मागे स्प्रिंग. लांब दांड्याच्या पेचकसाने झडप सोडवा (आधी हवेचा स्क्रू उघडून दाब पूर्ण घालवा). तुकड्यावर बसकीचा खोल गोल वळ पडलेला असेल तर तो उलटा करा किंवा घासलेटला टिकणाऱ्या रबराचा नवा कापा. साधं सायकलच्या ट्यूबचं रबर घासलेटमध्ये फुगतं आणि आठवड्यात झडप बंदच होते.

पंपाचं कातडी वायसर वाळलं असेल तर दांडा मऊ चालतो, हवा जात नाही. ते रात्रभर यंत्रतेलात किंवा एरंडेलात भिजवा, मग बोटाने कडा बाहेर पसरा. वायसर वाटीसारखं असतं, त्या वाटीचं तोंड खाली, टाकीकडे. उलटं बसवलं तर कितीही पंप मारा, फुकट.

पितळकाम
(वरचं पुढे)

आता वाफेची नळी, जिला प्रेस्टन लूप म्हणतात. पेटंटच्या भाषेत बत्तीचा आत्मा इथे आहे. मेंटल उलटं लटकतं, त्याची ऊब वर चढून नळी तापवते, नळीतलं घासलेट वाफ होऊन निपलातून (नळीच्या टोकाच्या बारीक भोकातून) सुटतं, हवा ओढून घेतं आणि तेच मिश्रण खाली मेंटलमध्ये येऊन जळतं. एकदा चाललं की स्वतःच स्वतःला तापवत राहतं. म्हणून सुरुवातीची ऊब बाहेरून द्यावी लागते, स्पिरिटची.

स्पिरिटची वाटी पूर्ण भरून पूर्ण जळू द्या. जळत आलं की टाकीत पंप मारून निपल उघडायचं. घाई केली तर वाफेऐवजी पातळ तेल येतं, पिवळा भडका उठतो, मेंटल काळं पडतं. अशा वेळी निपल बंद, हवेचा स्क्रू उघडा, गार होऊ द्या, पुन्हा स्पिरिट. काजळी पुढे नीट तापल्यावर जळून जाते, मेंटल टाकायची गरज नाही. थंडीत किंवा वाऱ्यात दोन वाट्या स्पिरिट लागतं. स्टोव्हला काकडा लावतो तेच काम.

चाक फिरवल्यावर आतली सुई वर जाऊन निपलाच्या भोकात शिरते आणि तळाची झडप बंद होते. सुई खाली गेली की वाट मोकळी. पेटती बत्ती मंदावली तर चाक एकदा झटकन पूर्ण फिरवा, भोक साफ होतं. धाप लागल्यासारखी उजेड-अंधार करू लागली तर निपलात कचरा आहे किंवा नळीत कोळसा धरलाय. नळी सोडवून लालभडक तापवा, गार करून हळूच ठोका, काळी पूड निघते. तार आत कोचू नका, पातळ झालेली नळी फुटते.

उजेड पिवळसर आणि दाब ठीक, तर निपलाचं भोक मोठं झालंय. जाड पिन घुसवल्याने हे होतं. त्याला दुरुस्ती नाही, निपल बदलायचं. निपल आणि खालच्या मिश्रणनळीतलं अंतरही तपासा. काही बत्त्यांच्या पान्यावरच त्याचं माप कापलेलं असतं.

मेंटलला भोक पडलं की बत्ती लगेच बंद. त्या भोकातून ज्योतीची पिचकारी काचेच्या एका जागी लागते आणि काच तडकते.

टाकी साधारण १ लिटरची, भरली की सुमारे ८ तास चालते. वरती हवेला जागा सोडा.

पश्चिमवारा
घासलेट मिळत नाही आता सहज. थोडं पेट्रोल मिसळून चालेल का? बाजारात पेट्रोलवर चालणाऱ्या बत्त्याही आहेत.

पितळकाम
नाही. अजिबात नाही. त्या बत्त्यांची वाफनळी, झडपा, टाकीचं अंतर सगळं वेगळं बेतलेलं असतं. घासलेटच्या बत्तीत टाकी बर्नरखालीच असते आणि गरम होते. पेट्रोलने तिथला दाब आवाक्याबाहेर जातो, झिरपलं तर स्पिरिटच्या ज्योतीशीच गाठ पडते. आणि कुठलीही बत्ती बंद खोलीत जाळू नये, कार्बन मोनॉक्साइड साचतो.

यंत्रवाचक
टाकीबद्दल एक राहिलं. चकचकीत पितळेवर केसासारख्या उभ्या चिरा दिसल्या तर ती टाकी दाबाखाली आणू नका. दाबून घडवलेल्या पितळेत ताण उरलेला असतो आणि अमोनिया लागला की ते चिरतं. इंग्रजी फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं: पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं तडकायची, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने. म्हणून गोठ्यातून निघालेल्या बत्त्या भिंगाखाली बघायच्या. अमोनिया असलेलं पॉलिशही वापरायचं नाही. चिंच किंवा लिंबू लावा, लगेच धुऊन कोरडं करा. चिरेवर वरून डाख देऊन उपयोग नाही, चीर पुढे सरकत राहते.

मुक्तछंदा
या काळात हिंदुस्थानात पेटंट घेता यायचं का? आणि कोणी मराठी माणूस?

वर्णनपत्र
यायचं. पहिला कायदा १८५६ चा, आणि पहिला अर्ज जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांचा, पंखा ओढायच्या यंत्राचा. म्हणजे सुरुवातच घरगुती वस्तूने झाली. पुढे १८८८ चा कायदा, मग १९११ चा. १९११ च्या कायद्यात मुदत १४ वर्षं, १९३० मध्ये १६ झाली. ब्रिटनमधलं पेटंट इथे आपोआप लागू होत नसे, कलकत्त्याला वेगळा अर्ज लागे, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता.

मराठी नाव घ्यायचं तर शंकर आबाजी भिसे. १८६७ ला मुंबईत जन्म, १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये निधन. छापखान्याचे खिळे ओतण्याच्या यंत्रावर त्यांनी लंडनमध्ये आणि नंतर अमेरिकेत वर्षानुवर्षं काम केलं. त्यांची पेटंटं शोधताना आडनावाची रोमन स्पेलिंगं दोन-तीन प्रकारांनी घालून बघा, एका स्पेलिंगने सगळी येत नाहीत. त्यांच्यावर वेगळा धागा व्हायलाच हवा.

काचदिवा
सगळ्यांचे आभार. पंपाची झडप काढली, तुकड्यावर खोल वळ आहे आणि एका बाजूला चीर. टाकीला भिंगाखाली चिरा नाहीत. पाण्याच्या चाचणीत दाबमापकाच्या बैठकीतून थेंब येतोय, तिथे मूळचं वायसर शिशाचं दिसतंय. तसंच घालू की रबराचं?

पितळकाम
शिशाचंच. तो भाग तापतो, रबर कडक होऊन तडकेल. जुनं पूर्ण खरवडून काढा, बैठक सपाट आहे का बघा, नवं घालून हाताने बसवा आणि पान्याने पाव वळसा. शिसं मऊ असतं, जास्त आवळलं तर आतल्या बाजूला पसरून दाबमापकाचं भोक बुजवतं आणि काटा हलतच नाही. पहिल्यांदा पेटवून गार झाली की पुन्हा एकदा हलकेच आवळा.